एकेचाळीस तास

साकाताच्या बंदरामागे कुरामोचीचं दुकान.
मुके रेडिओ, गळांचे डबे, कुणाकुणाच्या आजोबांची घड्याळं,
आणि काचेखाली बुटांच्या खोक्यात
कव्हर हरवलेल्या गेमच्या कॅसेटी, तीनशे येनला एक.
माझ्याकडे दोनशे ऐंशी.
कुरामोची म्हणाला, उरलेल्या विसांचं बर्फ लोट दारापुढचं.
लोटलं.

कॅसेटच्या पाठीवर मार्करनं लिहिलं होतं:
मिनेगिशी, चौथी ब.

घरी रॉकेलच्या हीटरपुढे पाय वाळत घालून बटण दाबलं.
पडद्यावर दोनच ओळी,
पुढे चालू
नव्याने सुरू
आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत:
नव्याने सुरू केल्यास जुनं पुसलं जाईल.

जुनं म्हणजे कोण, तेवढं तरी बघावं
म्हणून पुढे चालू केलं.
खेळाडू: मिने. खेळलेला वेळ: एकेचाळीस तास.
वाटलं, आता दिसेल याची फौज,
शिंगांचे, खवल्यांचे, ढगातून उतरणारे.
पोतडी उघडली.
एक छत्री. आईनं बांधून दिलेला भाताचा गोळा.
बस.

मिने उभा होता पहिल्याच गावात,
पहिल्याच घरात, वैद्यीणबाईच्या टेबलासमोर,
आणि टेबलावर तिघे, अजून कुणीच न उचललेले:
निखाऱ्याच्या कानांचं वटवाघूळ,
पाठीवर डबकं वाहणारी गोगलगाय,
आणि पाय फुटलेला एक मुळा,
जो दर चार सेकंदांनी शिंकायचा.

कुणाला नेतोस, बाळा? सावकाश ठरव.
एकेचाळीस तास बाई हेच म्हणत असणार.

मी गाव हिंडून आले. सात घरं, विहीर, टपालपेटी.
फुलदाण्यांखालची नाणी सगळी वेचलेली.
कुंपणाशी एक पोरगा सांगत होता,
सोबतीवाचून गवतात जाऊ नकोस.
मिने गेला नव्हता.

भाऊ म्हणाला, बावळट असेल,
कुठलं बटण दाबायचं तेच कळलं नसेल.
वटवाघूळ घे. सगळी शाळा वटवाघूळच घेते.
त्सुनेओला वाटायचं, निवडणं म्हणजे घेणं.
मला रात्रभर ते उरलेले दोघे दिसत होते.
त्यांचं पुढे काय होतं, ते माहितीपुस्तिकेत असेलही,
तीनशे येनमध्ये पुस्तिका नव्हती.
छपरावरून बर्फ घसरलं की घर दचकायचं,
आणि मी विचार करायचे, चौथी बमधला हा मुलगा
शाळेतून येऊन, दप्तर न काढता,
इथेच येऊन उभा राहत असेल का रोज,
नुसता, त्या तिघांना बघत.

पुसलं तर तो जातो.
पुढे नेलं तर त्याचं उभं राहणं जातं.
विचारायला पत्ता नव्हता.
तिसऱ्या दिवशी मी त्याच्याच नावानं,
त्याच्याच बुटांत पाय घालून, मुळा उचलला.
नाव काय ठेवतोस?
मी ठेवलं: चौथी ब.

चौथी ब पहिली लढाई हरला. दुसरीही.
ऐन हल्ल्यात शिंकायचा आणि मार खायचा.
पाचव्या गावापाशी मात्र त्याला फुलं आली,
पांढरी, आत जांभळ्या शिरा,
खऱ्या मुळ्याला येतात तशीच.
मी धावत वैद्यीणबाईकडे परतले, दाखवायला.
टेबल रिकामं होतं.
बाई म्हणाली, आज हवा छान आहे.

कॅसेटच्या पोटात गुंडीएवढी बॅटरी असते.
तिच्यावरच सगळं तरतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
सेंदाईला कॉलेजात असताना आईनं खोकं पाठवलं,
वाळवलेले पर्सिमन, लोकरीचे मोजे, त्याखाली ती.
सुरू केली तर एकच ओळ आली.
पुढे चालू नव्हतंच.

खेळाडूचं नाव? मी मिने लिहिलं. दुसरं सुचलं नाही.
मग ते घर, ते टेबल, ते तिघे.
मुळा शिंकला, ओळख न देता.
सावकाश ठरव, बाई म्हणाली.
पर्सिमनच्या साखरेनं बोटं चिकट झालेली,
बटणावर अंगठा तसाच.
कोपऱ्यात खेळलेला वेळ: शून्य तास, चार मिनिटं.
पाच.